टोमॅटोचं भोक आधी नीट पाहा

प्रश्न : गच्चीवर कुंड्यांत टोमॅटोची आठ झाडं आहेत. हिरव्या फळांना वाटाण्याएवढी गोल भोकं पडतात, मग फळ सडतं. आठवड्यातून दोनदा कडुनिंबाचं तेल फवारतो, तरी थांबत नाही. काय चुकतंय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ही फळ पोखरणारी अळी. हरभऱ्यावरची घाटेअळी ती हीच. अर्धं अंग फळात खुपसून खाते, अर्धं बाहेर ठेवते. भोकाशी ओली विष्ठा दिसली, तर अळी आत किंवा आसपासच आहे. एका फळावर ती थांबत नाही, म्हणून दोन-तीन अळ्याही झाड नासवतात. भोक टाचणीनं टोचल्यासारखं बारीक आणि देठाजवळ असतं, तर ती टुटा अळी असती. तिच्यामुळे पानांवर रुंद, कागदासारखे वाळके चट्टेही दिसले असते.

तुमची चूक वेळेची आहे. फळात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचतच नाही. ती गाठायची अंड्यात, नाहीतर कोवळेपणी. फुलं लागली की दर दोन दिवसांनी सकाळी शेंड्याकडची पानं आणि फुलांजवळचा भाग पाहा. खसखशीहून लहान, पिवळसर पांढरी, सुटी सुटी अंडी दिसतील, बोटानं चिरडा. आठ झाडांना याहून चांगला उपाय नाही.

फवारायचंच तर निंबोळी अर्क घ्या. वाळलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून दोनदा गाळा (नाहीतर पंपाचं तोंड तुंबतं), चिमूटभर साबणचुरा विरघळवा आणि त्याच दिवशी संध्याकाळी वापरा. उन्हात त्याचा गुण लवकर उतरतो. बारीक अळ्या दिसल्या तर बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची भुकटी) पाकिटावरच्या प्रमाणात फवारा. ती पोटात गेली तरच लागू पडते, म्हणून पानं दोन्ही बाजूंनी भिजवा. मोठ्या अळीवर तिचा फारसा उपयोग नाही, ती हातानंच वेचा. किडकी फळं खतात टाकू नका. अळी कोषासाठी मातीत उतरते, तेव्हा कुंडीतली वरची माती हलक्या हातानं उकरा.

प्रश्न : टोमॅटोच्या शेंड्याची पानं लहान होऊन वर वळली आहेत, झाड खुंटलंय. औषध कोणतं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : झाड हलवल्यावर पांढरे कण उडाले, तर ती पांढरी माशी आणि हा तिनं आणलेला बोकड्या, म्हणजे पानं आकसवणारा विषाणूजन्य रोग. विषाणू झाडात शिरला की औषध नाही. झाडावर आधी पिशवी घाला, मग उपटा, म्हणजे माश्या शेजारच्या कुंडीवर जाणार नाहीत. उरलेल्या झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर पिवळे चिकट सापळे लावा.