राणी निवडली, पण नरांचं काय?

देशी सातेरी माशीची निवड करून चांगल्या वसाहती वाढवू पाहणाऱ्या मधपाळ गटांकडून या वेळी बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहे.

प्रश्न: आम्ही पंधराएक मधपाळ एकत्र आलो आहोत. यंदा ज्या पेटीतून सर्वात जास्त मध निघाला, तिच्यापासूनच सगळ्यांनी राण्या तयार करायच्या असं ठरलं आहे. हे बरोबर आहे का?

एकत्र आलात हे फार चांगलं केलंत. पण एका हंगामाच्या मधावर राणी निवडू नका. मध जास्त निघाला तो राणीच्या गुणामुळे की पेटीच्या जागेमुळे, हे एका वर्षात कळत नाही. फुलोरा सुरू झाला तेव्हा त्या पेटीत आधीच माशा भरपूर असतील. ती रांगेच्या टोकाला असेल, तर शेजारच्या पेट्यांतल्या वाट चुकलेल्या माशाही तिच्यात शिरल्या असतील. त्यामुळे तुलना करायची तर एकाच जागी, सारख्याच ताकदीने हंगामाला लागलेल्या पेट्यांची करा, आणि निदान दोन हंगाम थांबा.

सातेरीच्या बाबतीत मी मधाआधी टिकून राहण्याकडे पाहते. फुलोरा आटला, मेणपतंग शिरला, मुंग्या चढल्या किंवा आपणच पेटी फार वेळा उघडली, तर सातेरी पोळी तशीच टाकून निघून जाते. हंगामात दोन किलो मध जास्त देऊन टंचाईत पळून जाणारी वसाहत आपल्या काय कामाची? आमच्या गटाच्या वहीत पहिला रकाना हाच आहे: टंचाईच्या काळात राहिली की गेली. त्यानंतर थवा (वसाहतीतून फुटून निघणारा माशांचा गट) किती वेळा सुटला, पिलावा (पोळ्यातली अंडी, अळ्या आणि कोष) कसा होता, स्वभाव कसा होता. मधाचा रकाना सगळ्यात शेवटी.

स्वभाव लिहिताना शब्दांवर विसंबू नका. एकाला ‘शांत’ वाटते तीच माशी दुसऱ्याला तापट वाटते. सगळ्या पेट्या एकाच माणसाने, एकाच दिवशी, सारख्याच वेळी उघडाव्यात. चौकट हलकेच वर घ्या आणि माशांकडे पाहा. काही वसाहतींत माशा पोळ्यावर जागच्या जागी राहतात, पिलावा झाकून. काहींत त्या सरासरा खाली धावतात, चौकटीच्या खालच्या कडेला घोस धरतात आणि गोळ्यागोळ्याने गवतात पडतात. अशा गडबडीत राणी हरवते. पेटीला टिचकी मारल्यावर सगळ्या माशा मिळून ‘सुस्स’ असा आवाज करतात, तो मात्र दोष मानू नका. सातेरीचा तो इशारा आहे, आणि चांगल्या वसाहतीही तो देतात.

प्रश्न: सर्वात शांत वसाहतीपासून सहा राण्या तयार केल्या. त्यातल्या चार पेट्या आईपेक्षा तापट निघाल्या. आमचं काय चुकलं?

राण्या तुम्ही निवडल्या, पण नर निवडले नाहीत. बहुतेक गट इथेच अडखळतात.

कोवळी राणी पेटीत मीलन करत नाही. ती उडून बाहेर जाते आणि हवेतच एका डझनाहून जास्त नरांशी तिचं मीलन होतं. ते नर परिसरातल्या कुठल्याही वसाहतीचे असू शकतात: तुमच्या शेजाऱ्याच्या पेटीतले, झाडाच्या ढोलीतले, दगडी बांधातले. त्यांचं बीज राणी आयुष्यभर साठवून ठेवते. तुमच्या शांत राणीच्या लेकीच्या पोटी आलेल्या कामकरी माशांचे अर्धे गुण या अनोळखी बापांकडून आलेले असतात. आईला पाहून लेकीची खात्री देता येत नाही ती यामुळे.

आता यातली आपल्या फायद्याची बाब. नर न फळलेल्या अंड्यातून जन्मतो. त्याला बाप नसतो, त्याचे सगळे गुण आईकडूनच येतात. म्हणजे एका चांगल्या राणीच्या शेकडो नरांनी परिसर भरला, तर तिचेच गुण परिसरात पसरतात. मात्र एकट्यादुकट्याला हे जमत नाही. दोन पेट्यांचे नर त्या गर्दीत हरवून जातात. पंधरा जणांनी आपापल्या सर्वात चांगल्या वसाहतींत एकाच वेळी नर वाढू दिले आणि तापट वसाहतींतला नरांचा पिलावा काढून टाकला, तर परिसराचं चित्र बदलू लागतं. माझ्या मते गट करण्याचं खरं कारण हेच आहे. राण्या तर एकटा माणूसही तयार करू शकतो.

यासाठी वेळ जुळवावी लागते. अंडं घातल्यापासून नर बाहेर यायला साधारण 24 दिवस लागतात आणि मीलनाला तयार व्हायला त्यानंतर आणखी दीडेक आठवडा. राणी मात्र अंड्यापासून साधारण 16 दिवसांत बाहेर येते आणि आठवड्याभरात मीलनासाठी उडते. म्हणजे राणीघरांच्या (ज्या घरांत राण्या वाढतात त्यांच्या) कामाच्या किमान दोन आठवडे आधी निवडलेल्या वसाहतींत नरांचा पिलावा सुरू झालेला हवा. त्यांना भरपूर परागकण मिळतील असं पाहा, खाणं कमी पडलं की कामकरी माशा सर्वात आधी नरांना हाकलतात.

सातेरीच्या नरांच्या घरांवर शंकूसारखी टणक टोपी असते आणि तिच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. नवीन मधपाळ ते पाहून घाबरतात, कीड लागली समजून पोळं कापून टाकतात, आणि सर्वात चांगल्या वसाहतीचे नर स्वतःच्या हातांनी संपवतात. ते भोक तिथे असायचंच असतं. पोळं ठेवा.

प्रश्न: मेलिफेरा ही परदेशी मधमाशी जास्त मध देते. सातेरीशी तिचा संकर करून दोघींचे गुण एकत्र आणता येतील का?

नाही. या दोन वेगळ्या जाती आहेत. प्रयोगशाळेत बीज घालून पाहिलं तरी अशी अंडी सुरुवातीच्या टप्प्यातच मरतात, त्यातून माशी जन्मत नाही. सातेरी सुधारायची तर सातेरीतूनच निवड करावी लागेल.

प्रश्न: निवड करून चार पिढ्या झाल्या. आता झाकलेल्या पिलाव्यात जागोजागी रिकामी घरं दिसतात. हा रोग आहे की रक्त जवळ आल्याचा (नात्यातच मीलन होत गेल्याचा) परिणाम?

दोन्ही शक्य आहे, पण फरक ओळखता येतो.

माशीचं लिंग एका जनुकावर ठरतं. हा जनुक 2003 मध्ये नेमका ओळखला गेला. त्याचे अनेक प्रकार असतात. फळलेल्या अंड्यात दोन वेगळे प्रकार आले की मादी होते. दोन्ही सारखे आले की फळलेल्या अंड्यातूनही नर होतो, आणि असा नर कामाचा नसतो. कामकरी माशा त्याला अळी बाहेर आल्यावर काही तासांतच खाऊन टाकतात. राणीचं तिच्याच एका भावाशी मीलन झालं आणि त्याच्याकडचा प्रकार तिच्या दोनपैकी एकाशी जुळला, तर त्या नराच्या बीजातली अर्धी अंडी अशी वाया जातात. इतर नर परके असतील तर नुकसान झाकलं जातं. सगळेच नातेवाईक असतील तर पोळं चाळणीसारखं दिसू लागतं.

आता पोळं हातात घ्या. पारदर्शक कागद त्यावर धरून ज्या घरांत अंडी आहेत तिथे खुणा करा. चार-पाच दिवसांनी तोच कागद पुन्हा लावा. अंडी सलग होती, आणि आता कुठेही मेलेली अळी न दिसता कोवळ्या अळ्याच गायब असतील, तर रक्त जवळ आल्याचा संशय घ्या. उलट टोपीखाली किंवा उघड्या घरात डोकं वर केलेली, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अळी दिसली, वाळल्यावर ती होडीच्या आकाराची झाली, तर तो सॅकब्रूड हा विषाणूचा रोग आहे. अशा पेटीच्या चौकटी दुसरीकडे नेऊ नका.

रक्त जवळ आलं असेल तर उपाय एकच, पाया रुंद करणे. एकाच लाडक्या राणीच्या लेकी सगळ्यांना वाटू नका. चांगल्या, पण एकमेकींशी नातं नसलेल्या जितक्या राण्या सांभाळता येतील तितक्या सांभाळा, दरवर्षी प्रत्येकीची एक तरी लेक पुढे न्या. निवड हळू होईल, हे मान्य. घाईने अरुंद केलेला कळप मात्र चार-पाच वर्षांत बसतो, आणि मग सुरुवात पुन्हा शून्यापासून.

प्रश्न: दूरच्या प्रदेशातून मोठ्या अंगाच्या सातेरीच्या राण्या मागवाव्यात का?

मी तरी मागवणार नाही. काश्मीरमधली सातेरी दक्षिणेतल्यापेक्षा अंगाने मोठी असते हे खरं, पण ती तिथल्या थंडीची माशी आहे. तिथल्या फुलोऱ्याच्या वेळापत्रकावर तिचा पिलावा बसलेला आहे, आणि ते वेळापत्रक तिच्यासोबत प्रवास करत नाही. दुसरी भीती रोगाची. 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूडची साथ आली आणि सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपल्या. मागे उरल्या त्यांच्यापासूनच पुढे माशी पुन्हा वाढली. तुमच्या परिसरात जी आज टिकून आहे, तिने बरंच काही सोसून दाखवलेलं आहे.

प्रश्न: निवडीत न बसणाऱ्या वसाहती मारायच्या का? मन होत नाही.

मारू नका. माशा वाईट नाहीत, राणी बदलायची आहे. जुनी राणी काढा, काही तासांनी चांगल्या वसाहतीचं पक्व झालेलं राणीघर पिलाव्याच्या चौकटींमध्ये लावा. दहा दिवसांनी पेटी उघडा, त्याआधी नको. अंडी दिसली नाहीत तर आणखी एक आठवडा थांबा. पावसाळी किंवा वाऱ्याच्या दिवसांत राणी उडायला उशीर करते. तरीही अंडी नसली, तर कामकरी माशा स्वतः अंडी घालू लागण्याआधी त्या पेटीला कोवळ्या पिलाव्याची एक चौकट द्या.