वाचक विचारतात : पिवळ्या पक्ष्याच्या आतला माणूस

मागच्या अंकात अमेरिकन बाहुलीकार कॅरल स्पिनी यांच्यावर लेख आला होता. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही मालिकेतला बिग बर्ड हा पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा खडूस ऑस्कर ही दोन्ही पात्रं त्यांनी १९६९ पासून जवळजवळ पन्नास वर्षं केली. त्यावर आलेल्या पत्रांत चरित्रापेक्षा ‘हे करायचं कसं’ याचीच चौकशी जास्त. दशावतार आणि नमन बघत वाढलेल्या मुलखाकडून दुसरी अपेक्षाही नव्हती.

पक्षी एवढा उंच, मग आतला माणूस बघतो कुठून आणि चोच हलवतो कशी? (वेंगुर्ले)

बाहेर बघता येतच नाही, तेच अवघड. पक्ष्याची उंची ८ फूट २ इंच. स्पिनी उजवा हात डोक्यावर सरळ उभा धरत. हात म्हणजे पक्ष्याची मान आणि पंजा म्हणजे डोकं. अंगठा खालच्या चोचीत, बोटं वरच्या चोचीत. करंगळीने तरफ ओढली की पापण्या हलत. हे सगळं सुमारे २ किलो वजन उचलून. डावा हात डाव्या पंखात. उजव्या पंखात हात नाहीच, तो नुसता भरलेला. मानेखालच्या कडीतून ओवलेल्या तंगुसाने तो डाव्या मनगटाला जोडलेला असे, त्यामुळे डावा पंख खाली गेला की उजवा वर येई. जुनं चित्रीकरण बघताना लक्ष ठेवा, उजवा पंख सहसा काही उचलत नाही.

छातीवर पट्ट्याने बांधलेल्या छोट्या टीव्हीवर कॅमेऱ्याला दिसणारं चित्र येई. ते आरशासारखं नसतं. आपण डावीकडे सरकलो की पडद्यावरचा पक्षी उजवीकडे जातो, आणि नवशिका इथेच गोंधळतो. संवादांचे कागद पोशाखाच्या आत चिकटवलेले असत.

ते आधीपासून पक्षीच करायचे का? (रत्नागिरी)

नाही. जन्म १९३३ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमचा. हवाई दलात नोकरी, मग साठच्या दशकात बॉस्टनच्या टीव्हीवर बोझो विदूषकाच्या कार्यक्रमात कामं. १९६९ मध्ये यूटा राज्यातल्या बाहुलीकारांच्या मेळाव्यात त्यांनी मागे चित्रफीत आणि पुढे बाहुल्या असा प्रयोग केला. दिव्याचा झोत नेमका पडद्यावर पडला, चित्र दिसेना, प्रयोग कोसळला. प्रेक्षकांत ‘सेसमी स्ट्रीट’च्या बाहुल्या करणारे जिम हेन्सन होते. फसलेल्या प्रयोगामागची कल्पना त्यांना आवडली आणि त्यांनी स्पिनींना कामाला बोलावलं.

बिग बर्ड आधी नुसता बावळट गावंढळ होता. त्याला लहान मूल करू या, हे स्पिनींनी सुचवलं, आणि पक्षी सहा वर्षांचा झाला. पिसं आणि चोच यांपेक्षा हे काम मोठं. दुकानदार मिस्टर हूपरची भूमिका करणारे विल ली १९८२ मध्ये वारले, तेव्हा मालिकेने दुसरा नट न आणता हूपरही गेले असं १९८३ मध्ये दाखवलं. ते परत का येणार नाहीत, हे मोठ्यांना बिग बर्ड विचारतो. गावंढळाच्या तोंडी तो प्रश्न हास्यास्पद झाला असता.

ऑस्करचा आवाज त्यांनी न्यूयॉर्कच्या एका टॅक्सीवाल्यावरून उचलला. (पहिल्या वर्षी ऑस्कर केशरी होता, हिरवा नंतर झाला.) २०१५ पासून पक्ष्याच्या आत मॅट व्होगल आणि आवाज तेवढा स्पिनींचा, अशी वाटणी झाली. २०१८ मध्ये ते निवृत्त झाले आणि ८ डिसेंबर २०१९ रोजी वारले.

शाळेच्या स्नेहसंमेलनात असाच ७ फुटी धनेश करायचा आहे. छातीवरचा टीव्ही कुठून आणणार? (एक शिक्षिका, कुडाळ)

टीव्ही नको. आतल्या मुलाचे डोळे पक्ष्याच्या छातीशी येतात. तिथे वीतभर लांब, चार बोटं रुंद खिडकी कापा आणि काळी मच्छरदाणी लावा. आत अंधार असला की बाहेरून काही कळत नाही.

सव्वापाच फुटी मुलाने हात वर केला की मूठ सव्वासहा-साडेसहा फुटांवर जाते, म्हणजे डोक्यासकट ७ फूट सहज. धडाला बांबूच्या कामट्यांची तीन कडी करा, खालचं सर्वांत रुंद, आणि ती दप्तराच्या पट्ट्यांनी खांद्यावर टांगा. हातावर फक्त डोकं, तेही अर्ध्या किलोच्या आत. धनेशाच्या चोचीवरचा उंचवटा भरीव केलात तर वजन पुढे जातं, मनगट झुकतं आणि पक्षी सगळा प्रवेश जमिनीकडे बघत काढतो. म्हणून चोच आणि उंचवटा १२ मिमी फोमचे, आतून पोकळ. काळ्या-पांढऱ्या कापडाच्या २ इंच रुंद, ६ इंच लांब पट्ट्या कौलं शाकारतात तशा खालून वर लावत जा. मानेचं कापड सैल ठेवा, नाहीतर कोपर वाकत नाही.

फोमला फेविकॉल एसआर वापरा. दोन्ही बाजूंना पातळ लावून १०-१५ मिनिटं थांबा आणि बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. ओला असताना दाबलात तर सांधा ऐन प्रयोगात सुटतो. थर्माकोलला तो लावू नका, थर्माकोल विरघळतो. डोळ्यांना टेबल टेनिसच्या चेंडूचे अर्धे भाग पुरे.

हात तीन-चार मिनिटांत भरून येतो, प्रवेश तेवढाच लिहा. रंगमंचाच्या पायऱ्यांवर हात धरायला एक मुलगा ठेवा, तो शिकारी किंवा झाड झाला तरी चालेल.

बाहुली बोलताना चावल्यासारखी का दिसते? (मालवण)

वरची चार बोटं हलतात म्हणून. वरचा जबडा स्थिर ठेवा, अंगठा खाली पाडा. तोंड अक्षरागणिक नाही, उच्चाराच्या ठोक्यागणिक उघडतं : ‘खंय चल्लंस?’ म्हणजे खंय, चल्, लंस, तीनदाच. प, ब, भ, म ला ओठ मिटलेले हवेत. त्यामुळे ‘मामा’ आधी मिटलेल्या तोंडाने सुरू होतं. वाक्य संपल्यावर तोंड उघडं राहिलं की बाहुली तिथेच मरते. आणि मनगट थोडं खाली झुकवा, नाहीतर नजर प्रेक्षकांच्या डोक्यावरून माडाच्या शेंड्यावर जाते.

पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांशी याचं नातं काय? (सावंतवाडी)

तंत्राचं फारसं नाही. ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुली वरून दोऱ्यांवर चालते, चामड्याची बाहुली पडद्यामागून. दोन्हीकडे कलावंताला आपली बाहुली दिसते. रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावाची तऱ्हा तिसरी, तिथे कलावंत उघड बसतो आणि ओठ दाबून बोलतो. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच पिंगुळीच्या कलेसाठी. कुडाळजवळच आहे, मुलांना घेऊन जा.

पावसाळ्यानंतर फोमची बाहुली चिकट झाली, बोट लावलं की भुकटी पडते. (दापोली)

भुकटी पडू लागली की फोम गेला. डोळे आणि कापड काढून घ्या, बाकी टाका. दमट हवा आणि ऊन दोन्ही फोम मोडतात, म्हणून घामेजलेली बाहुली उन्हात वाळवणं चूक. सावलीत पंख्याखाली रात्रभर, तोंड उघडं ठेवून. मग सुती पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, जमिनीपासून उंच. बंद प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी हमखास. थर्माकोलचा भाग असेल तर डांबराच्या गोळ्या शेजारी नकोत. तोंडातला पुठ्ठा हाताच्या घामाने मऊ पडतो, त्याऐवजी जुन्या प्लास्टिक फाइलचं कव्हर कापून लावा आणि श्रावणात एकदा पिशवी उघडून वारा द्या.