सासूबाईंची चक्कर आणि सर्पगंधाची पुडी

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाई 56 वर्षांच्या आहेत, कुंभारीच्या विडी घरकुलात राहता, त्या अजून विड्या वळतात. दुपारनंतर डोकं जड होतं, सुपापासून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. तीन वर्षं बीपीची गोळी चालू आहे. शेजारणीने एका जडीबुटीवाल्याकडून सर्पगंधाची पुडी आणून दिली, ती पंधरा दिवसांपासून घेतायत. डोकेदुखी आणि चक्करेवर आणखी कोणतं आयुर्वेदिक औषध द्यावं, असं तुम्ही विचारलंय, कारण त्याला साइड इफेक्ट नसतो.

आधी ती पुडी आजच बंद करा. बीपीची गोळी मात्र मनाने सोडू नका.

मी 31 वर्षं सोलापुरात काष्ठौषधींच्या दुकानात काढली आहेत. आयुर्वेदावर माझा जीव आहे, म्हणूनच हे सांगतोय. सर्पगंधा हे लेचंपेचं झाड नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा रक्तदाबावरचा अनुभव मांडला, आणि 1952 मध्ये तिच्यातलं रेसरपीन हे बीपी उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. रेसरपीनची गोळी मिलिग्रॅमच्या पाव भागाचीसुद्धा असते. पुडीत किती आहे हे पुडी बांधणाऱ्यालाही सांगता येणार नाही. एक गोळी बीपी उतरवतेय, वर पुडीही तेच काम करतेय, मग बाई उठल्यावर गरगरणारच. नाक चोंदणं, मन उदास होणं हेही सर्पगंधाने होतं. तसं काही दिसतंय का बघा.

उलटंही होतं. माझ्या थोरल्या बहिणीला पित्ताचा त्रास होता. मीच तिला ज्येष्ठमधाचं चूर्ण दिलं, दुधातून. बरं वाटलं म्हणून ती पाच महिने घेत राहिली. मग डोकं ठणकायला लागलं, पाय सुजले, बीपी 170 च्या वर गेलं. रक्तात पोटॅशियम घसरलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही घेता का? ती म्हणाली, नाही. ज्येष्ठमध तिच्या लेखी औषध नव्हतंच. तो चमचा माझ्या हातचा होता, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून दुकानात ज्येष्ठमध मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी बीपी आहे का विचारायचो.

आता चक्करेचं. आपण 'डोकेदुखी-चक्कर' एका दमात म्हणतो, पण ग्रंथांत ती वेगळी आहेत. सुश्रुताने डोकेदुखीचे अकरा प्रकार सांगितलेत. अर्धशिशी त्यातलीच, आणि सूर्य चढेल तसा वाढणारा सूर्यावर्तही. चक्कर म्हणजे भ्रम, त्याचं गणित निराळं: 'रजःपित्तानिलाद् भ्रमः', रजोगुण, पित्त आणि वात यांच्यामुळे चक्कर येते. म्हणजे आपल्या शास्त्रातसुद्धा आधी कारण आणि मग औषध.

तुमच्या घरातली कारणं मला लांबूनही दिसतायत. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा 42-43 ला जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. पंखा लावला की तंबाखू उडते म्हणून तो बंद. हजाराचा आकडा गाठायचा म्हणून पाण्यासाठीसुद्धा उठायचं नाही. मांडीवर सूप, मान खाली, सहा-सात तास. मानेच्या मागून वर चढणारी ठणक त्यातूनच येते. आणि तंबाखूची धूळ नाकातून, निकोटिन हातांच्या कातडीतून अंगात जातं. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं हा त्याचाच त्रास. त्या मिश्री लावत असतील तर तीही मोजा. यातल्या एकाही गोष्टीवर चूर्ण नाही. नाकाला ओला रुमाल, जेवणाआधी साबणाने हात, खिडकीशी बसणं, तासातासाला उठून मान मोकळी करणं आणि तांब्याभर पाणी. ताकात मीठ बेतानेच घाला, शेंगाचटणीतलं मीठही बीपीच्या हिशेबात येतं.

एक तपासणी घरी करा. बीपीचं मशीन कुणाकडून तरी आणा. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने पडला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, गोळीचं प्रमाण तेच ठरवतील. हिमोग्लोबिन आणि साखरही बघून घ्या. साखरेच्या गोळीवर कारल्याचा रस किंवा मेथीचूर्ण चालू असेल तर तेही सांगा, साखर फार उतरली तरी चक्कर येते.

डोकेदुखीला घरचं म्हणाल तर सहाणेवर सुंठ पाण्यात उगाळून कपाळाला पातळ लेप, डोळ्यांपासून लांब, आग झाली की लगेच धुवायचा. माझ्या अनुभवात सर्दीच्या, जड डोक्याला याने आराम पडतो. उन्हाच्या डोकेदुखीला रात्री भिजवलेल्या धन्यांचं पाणी. अर्धशिशीला पथ्यादि काढा पूर्वापार देतात: हिरडा, बेहडा, आवळा, हळद, कडुनिंब, काडेचिराईत, गुळवेल. कडू आहे, पोट सैल करतो, म्हणून आधीच पाणी कमी पडलेल्या माणसाला उन्हाळ्यात मी सुचवणार नाही. लघुसूतशेखर लोक सर्रास घेतात. त्यात सोनगेरू, सुंठ आणि नागवेलीच्या पानांचा रस असतो. पण नाव अर्धवट ऐकून सूतशेखर आणू नका. त्यात पारा, बचनाग, धोत्र्याचं बी आहे, ते वैद्यांशिवाय घ्यायचं औषध नव्हे. वैद्य हवे असतील तर शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा, बीपीच्या गोळीचं पाकीट बरोबर न्या.

कूस बदलताना सगळं घर फिरतं आणि मिनिटभरात थांबतं, असं असेल तर दोष कानाच्या आतल्या कणांचा असतो. त्यावर काढा चालत नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठरावीक दिशांनी फिरवून ते कण जागेवर नेतात, बऱ्याचदा एका बैठकीत.

आणि अचानक, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर लेप-बिप काही नाही. सरळ सिव्हिल हॉस्पिटल. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा.

पुडी फेकू नका, कागदासकट डॉक्टरांना दाखवा. उभं राहिल्यावरचं बीपी किती आलं ते मला कळवा.