नळ नवे, मग बीपीची गोळी कशाला?

प्रश्न : ह्यांची (वय ६४) आठ महिन्यांपूर्वी बायपास झाली. छातीतली धमनी, डाव्या हाताची धमनी आणि पायाची शीर अशा तीन जोडण्या आहेत. पायांना सूज येते म्हणून ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी त्यांनी आपल्या मनाने बंद केली. घरच्या मशीनवर बीपी १५०/९० येतं. म्हणतात, ‘नळ नवे बसवलेत, आता कसलं बीपी?’ गोळी खरंच लागते का?
– एक वाचक, कराड

उत्तर : लागते, ताई. आणि ह्यांच्या बाबतीत तर दोन कारणांनी लागते.

पायाची शीर धमनीच्या कामासाठी घडलेलीच नसते. माणूस आडवा असताना तिच्यात जेमतेम दहा मिलिमीटर दाब असतो. उभं राहिल्यावर वाढतो, पण हृदयाचे ठोके तिने कधी सोसलेले नसतात. तिला महाधमनीला जोडलं की पहिल्याच ठोक्याला १२० चा मारा. ती सोसायला आतलं अस्तर जाड होतं आणि पुढे त्यावर चरबीही बसते. दहा वर्षांत अशा शिरांपैकी निम्म्याच्या आसपास बंद पडतात किंवा खराब होतात; छातीतली धमनी मात्र दहांपैकी नऊ जणांत चालू असते. बीपी १५० ठेवायचं म्हणजे त्या शिरेला रोज जादा मार द्यायचा. बहुतेकांसाठी आम्ही १३०/८० च्या खालचा आकडा धरतो.

दुसरं कारण हाताची धमनी. ती स्नायूंची, जरा काही झालं की आखडते. १९७० च्या दशकात पॅरिसमध्ये हृदयाचे सर्जन कार्पेंतिए यांनी ती बायपाससाठी वापरली आणि याच खोडीपायी सोडूनही दिली. धमनीच्या स्नायूंत शिरणारं कॅल्शियम रोखून त्यांना सैल ठेवणारी औषधं दिल्यावर ती टिकते असं दिसलं, तेव्हा कुठे परत आली. ॲम्लोडिपिन त्याच जातीची. म्हणजे ह्यांनी नेमकी तीच गोळी सोडली!

सूज दोन्ही पावलांना, संध्याकाळी जास्त असेल तर ती बहुधा गोळीची. डोस कमी करून जोडीला टेल्मिसार्टनसारखं बीपीचं दुसरं औषध दिलं की पुष्कळदा उतरते. लघवीच्या गोळीने फारसा फरक पडत नाही. शीर काढलेलाच पाय सुजत असेल तर गोष्ट वेगळी. पोटरी दुखत असेल किंवा लाल झाली असेल तर त्याच दिवशी दाखवा.

बीपी एकदा दोन्ही दंडांवर मोजा. धमनी मनगटाकडची काढलीय, दंडावर पट्टा बांधायला हरकत नाही. डावीकडचा वरचा आकडा उजवीपेक्षा १५-२० ने कमी येत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. छातीतली धमनी डाव्या हाताच्याच मुख्य धमनीतून निघते. तिथे अडथळा असला तर हृदयाचंही रक्त तुटतं, आणि डाव्या हातावर मोजलेलं बीपी फसवं ‘नॉर्मल’ दिसतं.

मेटोप्रोलॉलसारखी, हृदयाचे ठोके संथ करणारी गोळी चालू असेल तर तीही मनाने थांबवू देऊ नका. ती एकदम सोडली की छातीत दुखणं उसळून येतं. ह्या आठवड्यातच आकडे लिहिलेला कागद घेऊन ह्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या.