‘टोळीराज्य’ या शब्दाविषयी

आफ्रिकेतील जुन्या सत्तांना मराठीत सरसकट ‘टोळीराज्य’ म्हणणे योग्य आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

टोळी म्हणजे एखाद्या कामासाठी किंवा लुटीसाठी जमलेली माणसे. ती ऊसतोडणीची असते, तशी दरोडेखोरांचीही असते. भूमी, करवसुली, वारसाहक्क यांपैकी काहीही या शब्दातून सूचित होत नाही. आजच्या मॉरिटानिया आणि माली या देशांच्या भूमीवर सोनिंके लोकांचे वगादू राज्य होते. तेथे मिठाने लादलेले गाढव आत आले की राजा एक सुवर्ण दिनार आणि तेच मीठ बाहेर जाताना दोन दिनार घेई, असे अरबी भूगोलकार अल-बक्री याने १०६८ साली लिहून ठेवले आहे. याला मराठीत जकात असा नेमका शब्द असताना ती वसूल करणाऱ्या सत्तेला टोळी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ‘घाना’ ही मुळात याच राजाची पदवी होती. ती पुढे राज्याचे नाव म्हणून रूढ झाली, आणि १९५७ साली स्वतंत्र झालेल्या, तेथून बऱ्याच दूर असलेल्या देशाने ते नाव घेतले.

तेराव्या शतकात उदयास आलेल्या मालीसाठी ‘साम्राज्य’ हाच शब्द हवा. मालीच्या सत्तेखाली राजा ही पदवी केवळ घानाच्या अधिपतीकडे राहिली होती, अशी नोंद चौदाव्या शतकातील अरब लेखक अल-उमरी करतो. अशा अधिपतीसाठी आपल्याकडे ‘मांडलिक’ हा शब्द तयारच आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील, आजच्या टांझानियातील किल्वा हे सुलतानाचे, समुद्रव्यापारावर उभे राहिलेले आणि स्वतःची तांब्याची नाणी पाडणारे बंदर असल्याने त्याला ‘नगरराज्य’ म्हणावे. चौथ्या शतकात एझाना राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या, आजच्या इथिओपिया-एरिट्रिया भागातील अक्सुमला साधे ‘राज्य’ म्हटले तरी पुरते. त्याच्या शिलालेखातील पदव्यांमध्ये ‘हबशत’ हे नाव येते, आणि आपला ‘हबशी’ हा शब्द अरबीमार्गे त्याच नावाशी जोडलेला आहे.

नायजेरियाच्या आग्नेय भागातील इग्बो समाजात मात्र अनेक ठिकाणी राजाच नव्हता. वडीलधारे, वयोगटांचे संघ आणि गावाची सभा मिळून निर्णय घेत. तेथे ‘राज्य’ हा शब्दही ओढून आणू नये, ‘ग्रामसभांची व्यवस्था’ असे सरळ लिहावे.