व्हिडिओचा भार प्रोसेसरवरून उतरवताना

व्हिडिओ उलगडण्याचे (डिकोडिंगचे) काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपकडे कसे सोपवावे, हे आपला संगणक इंटेलचा असून त्यावर लिनक्स आहे, असे गृहीत धरून लिहितो. प्लेअरच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी टर्मिनलमध्ये ‘व्हीएइन्फो’ (vainfo) ही आज्ञा चालवावी. तिच्या यादीत व्हिडिओच्या ज्या स्वरूपापुढे ‘व्हीएलडी’ असे दिसते, तेच आपली ग्राफिक्स चिप स्वतः उलगडू शकते. यादीऐवजी त्रुटी आली, तर बहुधा ड्रायव्हर चुकीचा असतो: पाचव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरसाठी ‘आयएचडी’ आणि त्याआधीच्यांसाठी ‘आय९६५’ लागतो.

नवशिक्यांचा सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो, कारण चिपमध्ये मुळात नसलेली क्षमता कोणत्याही सेटिंगने येत नाही. सहाव्या पिढीची चिप एच.२६४ हे व्हिडिओ-स्वरूप सहज उलगडते, मात्र दहा बिटांच्या एचईव्हीसी या स्वरूपासाठी सातवी पिढी आणि एव्ही१ साठी अकरावी पिढी लागते. म्हणून फाइल कोणत्या स्वरूपात आहे, हे आधी पाहावे.

एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘एचडब्ल्यूडेक’ (hwdec) या पर्यायाला ‘ऑटो-सेफ’ (auto-safe) हे मूल्य द्यावे आणि व्हिडिओ चालू असताना ‘आय’ कळ दाबून हार्डवेअर डिकोडिंगचा उल्लेख दिसतो का, ते तपासावे. केवळ चित्र अडखळत नाही एवढ्यावरून समाधान मानू नये. वेगवान प्रोसेसर तेच काम एकट्याने, अधिक वीज खर्चून, निमूटपणे करत असतो.