कृष्णाकाठच्या घरात पूर शिरतो. जोतं उचलावं की दाराला बांध घालावा?

चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी 20 बाय 30 फुटांचं मातीच्या भिंतींचं घर, 2019 ला आणि 2021 ला पाणी आत आलं, आता दाराला पक्का बांध घालून पाणी अडवावं का, असं तुम्ही विचारलंय.

अडवू नका. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं असलं की भिंतीच्या दर फूट लांबीवर सव्वाशे किलोचा रेटा येतो. पाच फुटांना साडेतीनशेचा. मातीची भिंत तर बहुतेकदा पाणी ओसरताना बसते. पायथा भिजून लोणी झालेला असतो, आणि बाहेरून असलेला पाण्याचा टेकू निघून जातो. म्हणून या भिंतींवर पैसा घालू नका, नव्यानं बांधा. नुसती आतली फरशी उंचावली तर भिंत बाहेरून भिजायची ती भिजतेच.

2019 च्या पुराच्या पाण्याची खूण पक्क्या भिंतीवर शोधा आणि पाण्याच्या नळीनं लेव्हल आपल्या जागेवर आणा. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर असेल तर जोतं तिच्याही फूटभर वर न्या. तीन फूट भरावाला 18 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मुरूम लागतो. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून 22-23 ब्रास धरा. सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुम्मसानं ठोकून घट्ट करा. शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून भरू नका, ती फुगते आणि फरशी उचलते. पायाही काळ्या मातीत थांबवायचा नाही, खाली मुरूम लागेपर्यंत न्यायचा. जोत्यावर सहा इंची आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटची) पट्टी घ्या, 12 मिमीच्या चार सळ्या, कोपऱ्यात न तोडता वळवलेल्या. गवंडी इथंच हात आखडतो, आणि भेगाही कोपऱ्यातूनच सुरू होतात.

खूण चार फुटांच्या वर असेल तर पाणी आत येणारच असं धरून बांधा: खुणेच्या फूटभर वरपर्यंत दगड किंवा भाजकी वीट, सिमेंटचा गिलावा, समोरासमोरच्या भिंतींना तळाशी झरोके, वर धान्य-कागदपत्रांसाठी स्लॅबचा माळा. माळा सामानासाठी, माणसं आणि जनावरं सूचना येताच बाहेर.

विजेचा बोर्ड खुणेच्या वर, वायर छतातून खाली, खालच्या खोल्यांना वेगळा एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच). पाण्याची टाकी भरलेली ठेवा, रिकामी हजार लिटरची टाकी तरंगून पाइप उपटते. सेप्टिक टँकही पुराच्या तोंडावर उपसू नका.

ओसरल्यावर गाळ ओला असतानाच काढा. गिलावा-रंगाला महिनाभर तरी थांबा. घाई केली तर आतली ओल पोपडे काढते.